ऑबेट १९२८, स्ट्रासबूर: पंचेचाळीस अंशांच्या दालनात दोन दुपारी

आधी कामाचं सांगते. फ्रान्समधल्या स्ट्रासबूर शहरात क्लेबेर चौक आहे. ओम द फेर या थांब्यावर ट्राममधून उतरलं की चालत दोन-तीन मिनिटं. चौकाची उत्तरेकडची सगळी बाजू एका लांबलचक गुलाबी दगडाच्या इमारतीने व्यापली आहे. तीच ऑबेट. खाली दुकानं आहेत, लोक पिशव्या घेऊन आत-बाहेर करत असतात, त्यामुळे वर काय आहे याचा पत्ता लागत नाही. उजव्या अंगाचा जिना चढून पहिल्या मजल्यावर गेलात की चित्रकारांनी रंगांनी सजवलेली तीन दालनं लागतात. प्रवेश फुकट. सकाळी बंद असतं, दुपारी २ नंतर उघडतं, आणि तेही आठवड्याचे सगळे दिवस नाही. निघण्यापूर्वी वार बघून घ्या. खायला-प्यायला काही मिळत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण जागा सजवली गेली होती ती खाण्यापिण्यासाठी आणि नाचण्यासाठीच. १७ फेब्रुवारी १९२८ ला इथे कॅफे, उपाहारगृह, चहाची खोली, बार, नाचघर आणि सिनेमा असं सगळं एका छपराखाली सुरू झालं होतं.

पहिल्या खेपेला मला ते बघायला मिळालं नाही. एका सहल कंपनीच्या बसमधून आले होते. स्ट्रासबूरला अडीच तास दिलेले, त्यातला दीड तास कॅथीड्रलपुढे फोटो काढण्यात गेला. मी धापा टाकत चौकात पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते आणि दार बंद होतं. सहलीच्या कागदावर "ऐतिहासिक क्लेबेर चौक" एवढंच छापलं होतं. दुसऱ्या वर्षी मुलगी केलला राहायला आली. केल जर्मनीत आहे, ऱ्हाईन ओलांडली की स्ट्रासबूर, आणि मधे सीमा असूनही तिथून थेट ट्राम आहे. मग एकाच आठवड्यात दोनदा जाऊन आले. एकदा एकटी, एकदा नातवाला घेऊन.

मी सांगलीकडच्या एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं बसवली. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, हे सगळं इतकी वर्षं हातात होतं. तरी यातली दोन मोठी दालनं आखणाऱ्या थेओ फान डूसबुर्खचं नाव मला नोकरी संपेपर्यंत ठाऊक नव्हतं. डच चित्रकार मोंद्रियान माहीत होता. काळ्या रेघा, लाल-पिवळे-निळे चौकोन, ते चित्र आम्ही वर्गात दाखवायचो. पण ज्या मासिकातून मोंद्रियानने आपलं म्हणणं जगापुढे मांडलं, ते मासिक काढणारा, चालवणारा, त्यासाठी देशोदेशी वणवण करणारा माणूस दुसराच होता, हे मला ऑबेटने शिकवलं. म्हणून हा अभिप्राय जरा लांबणार आहे. त्या माणसाबद्दल सांगितल्याशिवाय या दालनांबद्दल सांगता येणार नाही.

जिना चढून आधी मी मोठ्या समारंभाच्या दालनात गेले. इथे भिंतींवर आणि छतावर चौरस आणि आयत आहेत. लाल, पिवळा, निळा, हिरवा, काळा, करडा, पांढरा. सगळे भिंतीच्या कडांना समांतर. मधून मधून दिव्यांच्या रांगा, त्यासुद्धा रंगाच्या चौकोनाइतक्याच शिस्तीत बसवलेल्या. म्हणजे दिवा हा चित्रावर उजेड टाकायला लावलेला नाही, तो चित्रातलाच एक तुकडा आहे. रंग ट्यूबमधून सरळ काढल्यासारखे भडक असतील असं मला वाटलं होतं. तसे नाहीत. पिवळ्यात थोडा पांढरा आहे, निळा आमच्या वर्गातल्या पोस्टर कलरच्या निळ्यापेक्षा शांत आहे. मुलांना मी नेहमी सांगायचे, दोन तेज रंग शेजारी लावलेस तर मधे एक श्वास ठेव. इथे तो श्वास पट्ट्यांचा आहे. रंगाचं पान आणि त्याच्या शेजारची पट्टी एका सपाटीत नाहीत, उंचसखल आहेत. पट्टीची रुंदी माझ्या हाताने अंदाजे एक वीत आणि वर चार बोटं. हात लावायचा नाही, म्हणून भिंतीपासून लांब हवेत धरून मोजलं. खोलीच्या कोपऱ्यात उभी असलेली संग्रहालयाची बाई माझ्याकडे बघून हसली आणि बोटांनी तिनेही वीत करून दाखवली.

मग शेवटचं दालन. त्याचं नाव सिने-दान्सिंग. एका टोकाच्या भिंतीवर सिनेमाचा पडदा, मधली जागा नाचायला, कडेला बसायला कप्पे. लोक खात-पीत सिनेमा बघणार, मग तिथेच नाचणार, अशी कल्पना. इथे फान डूसबुर्खने सगळी रचना तिरकी केली आहे. पंचेचाळीस अंश.

ज्यांनी शाळेत कंपासपेटी वापरली आहे त्यांना दोन गुण्ये आठवत असतील. एक ३०-६० चा आणि एक ४५ चा. समजा समारंभाचं दालन नुसत्या काटकोनाने काढलं आहे. आता तोच कागद हलू न देता त्यावर ४५ चा गुण्या ठेवा आणि सगळ्या रेघा पुन्हा मारा. चौरस टोकावर उभे राहतात. भिंतीचा कोपरा येतो तिथे रंग थांबत नाही, कोपऱ्याने तो कापला जातो आणि उरलेला तुकडा आपण मनात पूर्ण करतो. छताकडे बघितलं तर छत भिंतीपासून वेगळं व्हायला निघाल्यासारखं वाटतं. खोली सरळ आहे, खिडक्या सरळ आहेत, दारं सरळ आहेत, पडदासुद्धा सरळ आयत आहे. रंग तेवढा त्या सगळ्याच्या विरुद्ध उभा. त्याचं म्हणणंच असं होतं की इमारत उभ्या-आडव्या रेघांची असते, तिच्यात पुन्हा उभी-आडवीच रचना केली तर ती इमारतीचंच म्हणणं पुन्हा सांगते. रंगाने तिला उत्तर द्यायचं असेल तर तो तिरका हवा. तो याला प्रति-रचना म्हणायचा.

पंधरा मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मी एका पायावर भार देऊन तिरकी उभी आहे.

संकल्पचित्राला आम्ही कागदावर एक चौकट आखून देतो आणि सांगतो, बाबा, या चौकटीत काय करायचं ते कर. एकतीस वर्षं मी त्या चौकटीच्या बाहेर उभी राहून गुण दिले. इथे मी चौकटीच्या आत होते, आणि माझ्या डाव्या हाताला लाल होता, डोक्यावर पिवळा होता, मागे वळले की काळा. एवढी साधी गोष्ट, पण डोळे भरून आले. कोणी विचारलं असतं तर मी कारण सांगू शकले नसते.

आता माणसाबद्दल. त्याचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचा. कागदोपत्री नाव क्रिस्टियान एमिल मारी क्यूपर. सावत्र वडिलांचं नाव थिओडोरुस डूसबुर्ख होतं, ते त्याने आपलं म्हणून घेतलं आणि पुढे "फान" जोडलं. पुढेही त्याला नावं घेण्याची सवय राहिली. आय. के. बोन्सेट या नावाने तो दादा या, सगळे संकेत मोडणाऱ्या कलापंथाच्या कविता लिहायचा. ते नाव डच भाषेत "मी वेडा आहे" या शब्दांची अदलाबदल करून बनवलेलं आहे असं मानतात. आल्डो कामिनी या इटालियन नावाने तो तत्त्वज्ञानाचं लिहायचा. एकाच मासिकात तीन नावांनी एक माणूस लिहितोय आणि वाचकांना हे तिघे वेगळे वाटतात! खुद्द मोंद्रियानलाही बराच काळ बोन्सेट कोण ते माहीत नव्हतं. मला वाटतं त्याच्या डोक्यात खरोखरच तिघे राहत असतील. एक शिस्तीचा, सगळं काटकोनात मांडणारा. एक सगळं मोडून टाकणारा. आणि एक या दोघांचं ऐकून विचार करत बसणारा.

पहिल्या महायुद्धात डच लष्कर सरहद्दीवर सज्ज ठेवलं होतं, तेव्हा हा तिथे शिपाई होता. त्या दिवसांत त्याला दोन मित्र मिळाले. एक टिलबुर्खचा कवी आंटोनी कोक आणि दुसरा ड्राख्टनचा चांभार एव्हर्ट रिन्सेमा, जो चपला-बूट शिवता शिवता छोटी छोटी वचनं लिहायचा. युद्ध चालू असतानाच, ऑक्टोबर १९१७ मध्ये, लायडनमधून "द स्टाइल" मासिकाचा पहिला अंक निघाला. मोंद्रियान, फान डेर लेक, हुसार, वास्तुकार आउट असे लोक त्यात सुरुवातीपासून होते. खुर्च्यांसाठी ओळखला जाणारा रीटफेल्ट नंतर आला. मासिक म्हटलं की आपल्याला कचेरी, शिपाई, व्यवस्थापक आठवतात. इथे संपादक, लेखक, वितरक सगळं मिळून बहुतेक हाच.

त्याची एक गोष्ट मी यापुढे भेटेल त्या प्रत्येक चित्रकला शिक्षकाला सांगणार आहे. त्याने गाय काढली. आधी साधी, चरणारी गाय. मग तीच गाय पाठ, पोट, मान अशा ठोकळ्यांत. मग त्या ठोकळ्यांच्या कडा सरळ करून. असं करत करत शेवटी नुसते रंगीत आयत उरले, आणि तरीही बघताना गाईचं वजन कुठे आहे ते कळतं. हे टप्पे त्याने आपल्या पुस्तकात छापले. ते पुस्तक १९२५ साली बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या पुस्तकमालेत सहावं म्हणून निघालं. अमूर्त चित्र म्हणजे काय, असं आठवीतली मुलं विचारायची तेव्हा मी पाच-दहा मिनिटं बोलायचे आणि त्यांचे चेहरे कोरेच राहायचे. गाईचे ते टप्पे फळ्यावर काढले असते तर बोलावंच लागलं नसतं.

बाउहाउसशी त्याचं नातं विचित्र होतं. १९२१ मध्ये तो शाळेच्या गावी, वायमारला जाऊन राहिला. शाळेने त्याला शिक्षक म्हणून घेतलं नाही, तर त्याने शाळेच्या बाहेर स्वतःचा वर्ग सुरू केला आणि बाउहाउसचेच विद्यार्थी त्याच्याकडे येऊन बसू लागले. मग १९२३ च्या सुरुवातीला जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्सला बरोबर घेऊन हॉलंडभर दादाचे कार्यक्रम. हा व्यासपीठावर गंभीरपणे दादा म्हणजे काय ते वाचतोय, आणि प्रेक्षकांत बसलेला श्विटर्स मधेच कुत्र्यासारखा भुंकतो. पियानो वाजवायची नेली. नेली फान मोर्सेल ही उत्तम पियानोवादक, त्याची पुढे तिसरी पत्नी. शेवटचा कार्यक्रम एप्रिलमध्ये ड्राख्टनला, चांभार रिन्सेमा बंधूंच्या गावात.

ड्राख्टनला थांबायला हवं, कारण ऑबेटमध्ये पुढे जे घडलं त्याची पहिली फेरी तिथे झाली होती. १९२१ मध्ये तिथले वास्तुकार दे बूर यांनी मध्यमवर्गीयांसाठी १६ घरं बांधली आणि समोर शेतकी शाळा. रंगयोजना फान डूसबुर्खची. घरांना लाल, पिवळा, निळा हे प्राथमिक रंग. शाळेला हिरवा, नारिंगी, जांभळा हे दुय्यम रंग. रंगचक्राचा अर्धा भाग रस्त्याच्या एका बाजूला आणि उरलेला अर्धा समोर! शाळेत शिकवायला याहून सुंदर रस्ता दुसरा नसेल. गावाने त्याला पोपटवाडी म्हणायला सुरुवात केली आणि थोड्याच काळात घरांवर दुसरा रंग फिरवला गेला. १९८८ मध्ये ते रंग पुन्हा लावले गेले.

१९९४ मध्ये मी आमच्या शाळेत चित्रकला वर्गाचं दार लिंबासारखं पिवळं आणि चौकट गडद निळी रंगवली होती. रंग माझ्या पैशाचा, दोन रविवार नववीच्या मुलींबरोबर बसून लावलेला. दिवाळीची सुट्टी संपवून आले तर दार परत तपकिरी. तोच तो सरकारी, तेलकट तपकिरी ऑइल पेंट. मुली गप्प उभ्या होत्या. एकीने नखाने कडेचा पापुद्रा खरवडला तर खालून पिवळा दिसला. तिने तेवढा एक ठिपका वर्षभर जपला.

ऑबेटच्या तिन्ही दालनांत मला तो ठिपका सारखा आठवत होता. इथेही तसंच झालं. इमारत अठराव्या शतकातली, ब्लाँदेल या वास्तुकाराची. पहाटे इथे पहाऱ्याचे हुकूम दिले जात म्हणून नाव ऑबेट, असं सांगतात. १८७० च्या वेढ्यात ती जळाली, पुन्हा उभी राहिली. १९२२ मध्ये पॉल आणि आंद्रे ऑर्न या भावांनी उजवा भाग भाड्याने घेतला. त्यांनी आतल्या सजावटीचं काम १९२६ मध्ये सोफी टॉयबर-आर्प यांना दिलं. काम प्रचंड होतं. सोफीने आपला नवरा हान्स आर्प आणि मित्र फान डूसबुर्ख यांना सोबत घेतलं. हान्स आर्पचा जन्म याच शहरातला. तिघांनी तळघरापासून पहिल्या मजल्यापर्यंत सगळं वाटून घेतलं. फान डूसबुर्खने तर दारांवरच्या पाट्यांची अक्षरंसुद्धा स्वतः आखली, कोणती खोली कुठे ते सांगणारा रंगीत फलकही केला. अक्षरलेखन शिकवलेल्या माणसाला हे फार जवळचं वाटतं. त्याने १९१९ मध्येच एक वर्णमाला केली होती, प्रत्येक अक्षर चौरसात बसवलेलं, गोल वळण कुठेच नाही. वाचायला ती सोपी नाही हे खरं, पण चार घरांच्या वहीत अक्षर ठोकून बसवणाऱ्या आमच्या मुलांना तिचा पट्कन लळा लागला असता.

उद्घाटन झालं. गिऱ्हाइकांना जागा थंड वाटली, बसावंसं वाटेना. मालकांनी गिऱ्हाइकांचं ऐकून हळूहळू इतर वस्तू आणायला सुरुवात केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फान डूसबुर्खने आडोल्फ बेन या समीक्षकाला पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो की उद्घाटनाच्या आधी ऑबेट खरी चांगली होती. लोकांना त्यांचं तपकिरी जग सोडवत नाही आणि नवं पांढरं जग ते हट्टाने नाकारतात.

तपकिरी! तो शब्द वाचला आणि मला आमचं दार दिसलं. पण इथेच मला त्याच्याशी भांडावंसंही वाटतं. गिऱ्हाईक आडमुठं नसतं. दिवसभर राबून संध्याकाळी बायकोला घेऊन आलेला माणूस, त्याला डोक्यावर तिरका पिवळा घेऊन जेवायला कोणी शिकवलं होतं? आठवीतली मुलगी पहिल्यांदा काळा रंग पार्श्वभूमीला लावते तेव्हा घाबरते. तिच्याजवळ बसावं लागतं. दोन तास, चार तास. मग ती स्वतःच म्हणते, बाई, अजून काळा द्या. स्ट्रासबूरच्या लोकांना कोणी तेवढा वेळ दिला नाही, आणि मालकांचा तर धंदा होता, त्यांना वाट बघणं परवडत नव्हतं. माझी खात्री आहे की महिनाभर रोज त्या दालनात चहा प्यायलेला माणूस पुढे दुसरीकडे बसला असता तर त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असतं. मला दुसऱ्याच दुपारी तसं वाटलं.

१९३८ पर्यंत सगळं झाकलं गेलं, काही तोडलं गेलं. त्याची आठवण पुन्हा निघायला कित्येक वर्षं गेली. सिने-दान्सिंगचं काम १९८५ ला सुरू होऊन १९९४ ला पूर्ण झालं, बाकीची दालनं आणि जिना २००६ ला. म्हणजे आज आपण बघतो त्यातलं बरंचसं पुन्हा केलेलं आहे. जुने फोटो, आराखडे आणि थरांखाली सापडलेले अवशेष यांवरून. काही जण म्हणतात मग यात काय राम? मला तसं वाटत नाही. गणपतीची मूर्ती दरवर्षी नवी असते, पण हात कुठे, सोंड कुठे हे ठरलेलं असतं, म्हणून ओळखू येते. इथे मोजमाप जपलं आहे. रंगाचं काम मोजमापावर उभं आहे.

आता मधल्या दालनाबद्दल. पहिल्या दिवशी मी ते नीट बघितलंच नाही, दोन मोठ्या दालनांच्या मधली वाट समजून ओलांडून गेले. तो फोयर-बार. तो सोफी टॉयबर-आर्प यांचा. बाई झ्युरिकच्या शाळेत कापडकाम आणि संकल्पचित्र शिकवायच्या, स्वतः विणायच्या, भरतकाम करायच्या, नृत्यही शिकलेल्या. त्यांच्या दालनातले आयत लहान-मोठे आहेत, ताण्या-बाण्यासारखे एकमेकांत जातात. ओरडत काहीच नाही. फान डूसबुर्खच्या दालनात शिरताना अंगावर काहीतरी चालून येतं, इथे कोणीतरी बाजूला सरकून बसायला जागा देतं. दुसऱ्या दुपारी मी सर्वांत जास्त वेळ इथेच काढला. काम मुळात यांना मिळालेलं, मित्राला यांनी बोलावलेलं, आणि ऑबेट म्हटलं की पुस्तकांत नाव मित्राचं पहिलं. स्वित्झर्लंडने १९९५ मध्ये ५० फ्रँकच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं, हे वाचून मला फार बरं वाटलं. तुम्ही गेलात तर कृपा करून या दालनातून घाईने जाऊ नका.

दुसऱ्या दुपारी नातू बरोबर होता, सात वर्षांचा. दक्षिणेकडच्या खिडक्यांतून ऊन आत आलं होतं. सिने-दान्सिंगमध्ये शिरताच त्याने मान एका खांद्यावर टाकली आणि तशीच ठेवून खोलीभर फिरला. म्हणाला, "आजी, असं केलं की चौकोन सरळ होतात आणि खिडक्या तिरक्या." मीही मान टाकून बघितली. खरंच तसं होतं. मोंद्रियान आणि फान डूसबुर्ख या दोन मित्रांमध्ये जी फूट पडली, तिच्यात तिरकी रेघ हा मोठा मुद्दा होता. एकाला ती चालणारच नव्हती आणि दुसरा तिच्याशिवाय पुढे जाऊ शकत नव्हता. ते सगळं भांडण माझ्या नातवाच्या मानेत होतं. तिथल्या बाईंनी त्याला फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. मुलीने सांगितलं, त्या विचारतायत, यातलं तुला कोणतं घर आवडलं. त्याने मान तिरकी ठेवूनच वरच्या पिवळ्याकडे बोट दाखवलं.

मुलांना जरूर घेऊन जा. मोठ्यांपेक्षा त्यांना लवकर कळतं. जाताना जाड कागद आणि पेन्सिल न्या. तासभर हाताशी ठेवा, दीड तास असेल तर उत्तम. कला, वास्तुकला, अंतर्गत सजावट शिकणाऱ्यांनी तर स्ट्रासबूरला उतरून कॅथीड्रलच्या आधी इथे यावं असं मी म्हणेन. मी शिक्षिका आहे, तारे देत नाही, श्रेणी देते. तिन्ही दालनांना मिळून अ श्रेणी.

ऑबेटनंतर फान डूसबुर्ख फार जगला नाही. पॅरिसजवळ म्यूदाँला त्याने स्वतःच्या आराखड्याने घर बांधलं, पांढरं, चौकोनी, स्टुडिओ असलेलं. जवळच क्लामारला सोफीच्या आराखड्याचं आर्प दांपत्याचं घर. १९३० च्या एप्रिलमध्ये त्याने मूर्त कलेचा, म्हणजे कशाचीही नक्कल न करता रेघ आणि रंग हीच खरी वस्तू मानणाऱ्या कलेचा जाहीरनामा काढला, "आर कॉंक्रे" नावाच्या मासिकात. त्याचा एकच अंक निघू शकला. दम्याने तो बेजार होता. वर्षअखेरीस नव्या घरात राहायला गेला, आणि ७ मार्च १९३१ ला स्वित्झर्लंडमधल्या डाव्होसला हृदयविकाराने गेला. वय ४७. "द स्टाइल"चा शेवटचा अंक नेलीने जानेवारी १९३२ मध्ये काढला, त्याच्या आठवणीत. पुढे १९७५ पर्यंत ती त्याच म्यूदाँच्या घरी राहिली आणि त्याची चित्रं, कागद, पत्रं सांभाळली. तिने ती जपली म्हणून ऑबेट पुन्हा उभी करताना हाताशी काहीतरी होतं.

बाहेर आलो तेव्हा चार वाजून गेले होते. चौकातल्या बाकावर बसलो, ऑबेटच्या खिडक्यांसमोर. आत काही मिळत नाही हे माहीत असल्यामुळे मी डब्यात शंकरपाळे घेतले होते, घरीच कातलेले, चौकोनी. नातवाने एक उचललं, खिडकीच्या रोखाने डोळ्यासमोर सरळ धरलं आणि म्हणाला, "हा पहिला हॉल." मग दुसरं उचलून टोकावर उभं धरलं, "हा शेवटचा." मी विचारलं, आणि मधला? त्याने डब्यात हात घालून एक तुटका तुकडा काढला, दोघांच्या मधे धरून बघितला, आणि तिन्ही एकदम तोंडात टाकले.